गायीच्या मॅक्रोफेजमधले चरबीचे थेंब : रक्त काढण्यापासून मोजणीपर्यंत

क्षयाच्या गाठीचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला की कडेच्या काही पेशी साबणाच्या फेसासारख्या दिसतात. आत गोल गोल पोकळ्या, केंद्रक एका बाजूला ढकललेले. त्या पोकळ्या मुळात पोकळ नव्हत्या. तिथे चरबी होती. स्लाइड बनवताना अल्कोहोल आणि झायलीनमधून जाताना ती धुऊन निघाली, मागे नुसती जागा उरली. गोक्षयाचा जंतू मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशीत शिरून तिचा चरबीचा व्यवहार कसा बदलतो हे बघायचे असेल, तर चरबी जागच्या जागी टिकवणे हे अर्धे काम आहे. उरलेले अर्धे काम, दिसणारा थेंब जंतूमुळेच आला याची खात्री करणे, हे जास्त अवघड आहे.

पुढची कृती परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात पदव्युत्तर काम करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. जैवसुरक्षा पातळी २ची खोली, कार्बन डायऑक्साइड इनक्युबेटर, थंड-गरम करता येणारा सेंट्रीफ्यूज आणि साधा सूक्ष्मदर्शक एवढे असले की पुरते. जंतू म्हणून बीसीजी, म्हणजे क्षयाच्या लसीतला जंतू, वापरायचा. रोग आणणाऱ्या मायकोबॅक्टेरियम बोव्हिसवर काम पातळी ३च्या प्रयोगशाळेबाहेर करायचे नाही, यात तडजोड नाही. बीसीजी हा त्याच बोव्हिसचा निवळलेला वंश आहे. काल्मेट आणि गेरां यांनी १९०८ ते १९२१ अशी १३ वर्षे, पित्त आणि ग्लिसरीन घातलेल्या बटाट्यावर २३० वेळा पालटून तो तयार केला. या ग्लिसरीनचा संबंध पुढे येणार आहे.

पेशीत काय घडते

मॅक्रोफेज जंतू गिळते, पण जंतू त्या कप्प्यात आम्ल आणि पाचकरस नीट उतरू देत नाही. मग पेशीचा जमाखर्च बदलतो. साखर जाळण्याचा वेग वाढतो, ॲसिटिल-कोए हा मधला पदार्थ साचतो, त्यातले काही बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट बनते. हे केटोन पेशीच्या पृष्ठभागावरच्या जीपीआर१०९ए या ग्राहकाला लागले की साठलेली चरबी फोडण्याचे काम मंदावते. दुसरीकडे सीडी३६सारखे ग्राहक बाहेरची चरबी आत ओढत राहतात, आणि मायक्रो-आरएनए ३३ हा जनुकांचे काम दाबणारा छोटा आरएनए वाढल्याने चरबी जाळणे व जुना माल पचवणे, दोन्ही मागे पडते. आवक चालू, जावक बंद. ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल एस्टर यांचे थेंब साचतात, त्यांच्याभोवती पेरिलिपिन प्रथिनांचे आवरण असते. जंतू एमसीई१ या वाहकाने मेदाम्ले आणि एमसीई४ने कोलेस्टेरॉल आत घेतो. आयसोसिट्रेट लायेज हे त्याचे एन्झाइम चरबीवर जगण्यासाठी लागते.

ही माहिती बहुतांशी मानवी क्षयजंतूच्या कामातून आली आहे, ती गायीला जशीच्या तशी लावू नका. शिवाय थेंब म्हणजे जंतूचीच सरशी असेही नाही. उंदरांच्या पेशींवरच्या कामात इंटरफेरॉन-गॅमा हे प्रतिकाराचे संदेश-प्रथिन मिळाल्यावर पेशी स्वतःहून थेंब बनवते आणि ते तिच्या बचावात भाग घेतात, असे दिसले आहे. म्हणून निकालात ‘जंतूने थेंब बनवले’ असे लिहिण्याआधी नियंत्रणे पक्की हवीत.

जनावर निवडताना

सर्वात जास्त प्रयोग इथे बिघडतात, आणि बिघडल्याचे शेवटपर्यंत कळत नाही.

ताजी व्यालेली गाय घेऊ नका. विण्याच्या आधीचे ३ आणि नंतरचे ३ आठवडे गाय अंगावरची चरबी वितळवत असते. रक्तात मोकळी मेदाम्ले आणि बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट दोन्ही चढलेली असतात. म्हणजे जो केटोन तुम्ही जंतूच्या खात्यावर मांडणार, तो तिच्या रक्तात आधीच आहे, आणि मोनोसाइट पेशी (यांच्यापासूनच मॅक्रोफेज बनतात) चरबी घेऊनच तुमच्या नळीत येतात. तीच गत उपाशी जनावराची. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये नुसत्या ज्वारीच्या कडब्यावर काढणारी, फासळ्या दिसणारी गाय दुधात नसली तरी चरबी वितळवत असते. देवणी किंवा लाल कंधारी कालवड, भाकड गाय किंवा बैल निवडा. अंगावर बरे मांस असलेला, निदान महिनाभर हिरवी वैरण आणि थोडी सरकी पेंड नियमित मिळालेला. माणसांच्या केटोन मीटरची पट्टी गायीच्या रक्तालाही चालते. आकडा १.२ मिलिमोल प्रति लिटरच्या वर असेल तर त्या जनावराचे रक्त या कामाला घेऊ नका, आणि मालकाला सांगा, कारण तो सुप्त किटोसिस आहे.

जनावर क्षयमुक्त असल्याची खात्री तुलनात्मक ट्युबरक्युलिन चाचणीने करा. मानेवर दोन जागी १२ ते १५ सेंटीमीटर अंतर ठेवून बोव्हाईन आणि एव्हियन पीपीडी (गोक्षयाच्या आणि पक्ष्यांच्या क्षयाच्या जंतूपासून काढलेले प्रथिन) प्रत्येकी ०.१ मिली कातडीत टोचायचे, कॅलिपरने कातडीची जाडी आधी मोजायची आणि ७२ तासांनी पुन्हा मोजायची. बोव्हाईन जागेची वाढ एव्हियनपेक्षा ४ मिलिमीटरहून जास्त असेल तर होकारार्थी, १ ते ४ असेल तर संशयित. एव्हियन जागाच मोठी फुगली तर जोन्स रोगाचा किंवा रानटी मायकोबॅक्टेरियाचा संबंध आलेला असतो. असे जनावरही वगळा. चाचणी नकारार्थी आली तरी दुसऱ्याच दिवशी रक्त काढू नका. फेरचाचणीसाठी ठेवतात तेवढे, म्हणजे ४२ दिवस जाऊ द्या. टोचलेल्या पीपीडीने पेशी जाग्या झालेल्या असतात.

मराठवाडी म्हशीचे रक्त उपलब्ध असले तरी गायींच्या आकड्यांत मिसळू नका. तो वेगळा प्रयोग.

रक्त

संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी आधी हवी. पशुपालकाच्या गोठ्यातून रक्त घेत असाल तर त्यांना नीट समजावून सांगा: ‘काका, ६० मिली म्हणजे चहाचा एक छोटा कप. साडेतीनशे किलोच्या गायीच्या अंगात सुमारे २० लिटर रक्त असतं. तिला काही होत नाही.’ हे खरे आहे आणि ऐकल्यावर बहुतेक जण दावे स्वतः धरतात.

मानेवरची शीर, केस कापून ७० टक्के स्पिरिटने पुसलेली, १६ गेजची सुई. प्रत्येक मिलीला १५ युनिट हेपरिन असलेल्या नळीत रक्त घ्या आणि ८ ते १० वेळा हलकेच उलटसुलट करा. जोरात हलवले की पेशी फुटतात.

रक्त बर्फावर ठेवायचे नाही. गार रक्तात मोनोसाइट नळीच्या भिंतीला चिकटून बसतात आणि प्लेटलेटचे गठ्ठे होतात. दुसरीकडे मे महिन्यात ४२-४३ अंशांत गाडीच्या डिकीत ठेवलेले रक्तही वाया जाते. थर्माकोलचा डबा, तळाला थंड जेलची पिशवी, तिच्यावर जाड गोणपाटाची घडी, तिच्यावर नळ्या उभ्या, आणि आत थर्मामीटर. १८ ते २५ अंशांत राहिले पाहिजे. ४ तासांच्या आत काम सुरू करा. उन्हाळ्यात पहाटे सहाला रक्त घेणे सगळ्यात सोपे, आणि सगळ्या जनावरांचे रक्त त्याच वेळी, चाऱ्याआधी घेतले तर रक्तातल्या चरबीचा फरकही कमी राहतो.

पेशी वेगळ्या करणे

गायीच्या तांबड्या पेशी माणसाच्या पेशींपेक्षा लहान असतात आणि नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटत नाहीत. म्हणून गायीचे रक्त उभे ठेवले तरी तांबड्या पेशी लवकर खाली बसत नाहीत. माणसाच्या रक्ताची कृती वापरून संपूर्ण रक्त थेट फायकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारा द्राव) ओतले की मधला थर लालसर, घाण निघतो. आधी पांढरा थर वेगळा काढावाच लागतो.

५० मिलीच्या नळ्यांत रक्त १००० जी, २० अंश, २० मिनिटे, ब्रेक बंद ठेवून फिरवा. वरचा प्लाझ्मा काढून बाजूला ठेवा. मधला पांढरा थर त्याच्याखालच्या सुमारे १ सेंटीमीटर तांबड्या पेशींसकट पाश्चर पिपेटने घ्या. निव्वळ पांढरे घ्यायचा हट्ट केला की निम्म्या पेशी मागे राहतात. २ मिलिमोलर ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) असलेल्या पीबीएसने (फॉस्फेटयुक्त खारा द्राव) तो २४ मिलीपर्यंत करा. दुसऱ्या नळीत १२ मिली फायकॉल, घनता १.०७७, खोलीच्या तापमानाला आणलेले. फ्रिजमधून काढून लगेच वापरलेल्या फायकॉलची घनता वेगळी असते, थर बसत नाही. पातळ केलेला द्राव नळी तिरकी धरून भिंतीवरून अगदी सावकाश सोडा. ८०० जी, २० अंश, ३० मिनिटे, ब्रेक बंद.

इथे जी म्हणजे गुरुत्वबल, फेरे नव्हेत. १६ सेंटीमीटर त्रिज्येच्या रोटरवर ८०० जी म्हणजे मिनिटाला साधारण २१०० फेरे, १००० जी म्हणजे साधारण २३५०. त्रिज्या वेगळी असेल तर हिशेब पुन्हा करा: त्रिज्या सेंटीमीटरमध्ये, गुणिले फेऱ्यांचा वर्ग, गुणिले ०.००००१११८. भिंतीवर चिकटवलेला जुना फेऱ्यांचा तक्ता दुसऱ्या मशीनचा असू शकतो.

मधला ढगाळ थर उचलून पीबीएस-ईडीटीएमध्ये ३०० जीवर १० मिनिटे धुवा. तळाला लाली असेल तर ०.८३ टक्के अमोनियम क्लोराइड ५ मिली घालून ५ मिनिटे थांबा आणि लगेच पीबीएसने नळी भरून टाका. ५ची १० मिनिटे झाली की पांढऱ्या पेशीही मरू लागतात. शेवटचे दोन धुणे २०० जीवर करा, म्हणजे प्लेटलेट वर तरंगत राहून निघून जातात. प्लेटलेट राहिल्या तर त्या मोनोसाइटांना चिकटतात आणि पुढे कव्हरस्लिपवर गठ्ठे दिसतात.

ट्रायपॅन ब्लूने मोजा. ९५ टक्क्यांहून जास्त जिवंत हव्यात. एका मिली रक्तातून साधारण १० ते २० लाख पेशी मिळतात, म्हणजे ६० मिलीतून ६ ते १२ कोटी. यांतल्या दहातली एखादीच मोनोसाइट असते, बाकी बहुतेक लिम्फोसाइट.

मॅक्रोफेज वाढवणे

२४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये निर्जंतुक १२ मिलिमीटरच्या गोल काचेच्या कव्हरस्लिप टाका. प्रत्येक वेलमध्ये २५ लाख पेशी, १ मिली आरपीएमआय १६४० या पेशी वाढवण्याच्या माध्यमात, १० टक्के गर्भवासरू सीरमसह. सीरम आधी ५६ अंशांवर ३० मिनिटे ठेवलेले असावे. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ४ तास. मग न चिकटलेल्या पेशी ३७ अंशांच्या कोमट माध्यमाने तीनदा धुवा. गार माध्यम ओतले की चिकटलेल्या पेशीही आखडून सुटतात. हा प्रकार इतका होतो की बाटली पाण्याच्या बाथमध्ये ठेवल्याशिवाय धुण्याला हात घालू नये.

६ ते ७ दिवस वाढवा, दर दोन-तीन दिवसांनी निम्मे माध्यम बदला. गोल मोनोसाइट पसरून तळलेल्या अंड्यासारख्या दिसू लागल्या की मॅक्रोफेज तयार झाल्या. तोपर्यंत वेलमागे साधारण १ लाख उरतात. पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन पहिल्या ५ दिवसांपुरतेच. शेवटचे किमान २४ तास औषधविरहित माध्यम, दोनदा बदललेले. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयाचेच औषध आहे, ते वेलमध्ये राहिले तर बीसीजी मरतो आणि तुमचा ‘जिवंत’ गट प्रत्यक्षात मेलेल्या जंतूचा गट होतो.

लाइट जाण्याची सवय असलेल्या गावात माध्यमात २५ मिलिमोलर हेपेस घालून ठेवा. इनक्युबेटरचा कार्बन डायऑक्साइड तासभर घसरला तरी आम्लता धरून राहते. इन्व्हर्टरवर पंखे चालतात म्हणून इनक्युबेटरही तगेल असे धरू नका.

माध्यमाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. आरपीएमआयमध्ये ग्लुकोज लिटरला २ ग्रॅम, म्हणजे ११ मिलिमोलर असते. गायीच्या रक्तात ते फक्त २.५ ते ४ असते, कारण रवंथ करणारे जनावर मुख्यतः पोटातल्या मेदाम्लांवर चालते. साखर जाळून चरबी बनवण्याचा मार्ग तपासताना तुम्ही पेशीला तिच्या आयुष्यात कधी न मिळालेली साखर देत असता. जमले तर ग्लुकोजविरहित आरपीएमआय आणून त्यात लिटरला ०.७२ ग्रॅम ग्लुकोज घाला, म्हणजे ४ मिलिमोलर होते, आणि निदान एक प्लेट त्यावर चालवा. असाच फरक कोलेस्टेरॉलचाही आहे. माणसाच्या संदर्भात सगळे एलडीएल या रक्तातल्या कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांबद्दल बोलतात. गायीच्या रक्तातले कोलेस्टेरॉल बहुतांशी एचडीएल या दुसऱ्या कणांवर असते. मानवी एलडीएल विकत आणून गायीच्या पेशींवर ओतणे आणि त्यावरून गोठ्यातल्या गायीबद्दल निष्कर्ष काढणे बरोबर नाही.

बीसीजी तयार करणे

लसीची कुपी थेट पेशींवर घालू नका. तिच्यात मेलेले जंतू पुष्कळ असतात आणि टिकवण्यासाठी घातलेला सोडियम ग्लुटामेटही असतो. आधी मिडलब्रुक ७एच९ माध्यमात वाढवा: ०.२ टक्के ग्लिसरॉल, ०.०५ टक्के ट्वीन ८० आणि १० टक्के एडीसी पूरक (अल्ब्युमिन, डेक्स्ट्रोज, कॅटलेज). हलवत ठेवून ३७ अंशांवर ६०० नॅनोमीटरला ०.५ ते ०.८ प्रकाशीय घनता (गढूळपणाचे माप) येईपर्यंत. बीसीजी दुप्पट व्हायला दिवसभराच्या आसपास घेतो, त्यामुळे घाई चालत नाही.

बीसीजी ग्लिसरॉलवर वाढतो, पण त्याचा मूळ बोव्हिस नुसत्या ग्लिसरॉलवर वाढत नाही. त्याचे पायरुव्हेट कायनेज हे एन्झाइम बिघडलेले आहे, म्हणून गोक्षयाच्या नमुन्याला पायरुव्हेट घातलेले माध्यम लागते. त्या १३ वर्षांच्या ग्लिसरीन-बटाट्यावर बीसीजीत हा बिघाड दुरुस्त होऊन आला. म्हणजे चयापचयाच्या प्रयोगात बीसीजी आणि बोव्हिस यांच्यात हा एक खरा फरक आहे, तो अहवालात लिहा. दुसरा फरक आरडी१ या जनुकीय तुकड्याचा. बीसीजीत तो नाही, त्यामुळे ईएसएटी-६ प्रथिनही नाही, आणि हे प्रथिन पेशीतली चरबी वाढवण्यात भाग घेते. बीसीजीने थेंब कमी दिले म्हणून बोव्हिसही कमी देईल असे मानायला आधार नाही.

आता एक फसवी जागा. पूरक म्हणून ओएडीसी मिळते, त्यातला ‘ओ’ म्हणजे ओलिक आम्ल. आणि ट्वीन ८० हाही ओलिक आम्लाचाच एस्टर. दोन्ही मॅक्रोफेजला चरबीच पुरवतात. नीट न धुतलेला बीसीजी घातला की थेंब छान येतात, फक्त ते ट्वीनचे असतात. म्हणून एडीसीच वापरा, आणि जंतू साध्या पीबीएसने निदान दोनदा, ३००० जीवर १० मिनिटे धुवा. शेवटच्या धुण्याचा वरचा द्राव फेकू नका. तो गाळून नियंत्रणाच्या वेलमध्ये तेवढ्याच मापाने घाला. तिथे थेंब वाढले तर धुणे अपुरे आहे.

ट्वीन गेला की जंतूंचे गठ्ठे होतात. २६ गेजच्या सुईतून १० वेळा ओढा-सोडा, लुअर-लॉक सिरिंजने आणि कॅबिनेटच्या आतच, कारण याच पायरीला हवेत तुषार उडतात. मग २०० जीवर ५ मिनिटे फिरवून फक्त वरचा गढूळ भाग घ्या. त्याचा एक थेंब झील-नील्सनने (क्षयजंतू लाल दाखवणारी रंगपद्धत) रंगवून बघा. बहुतेक जंतू सुटे दिसले पाहिजेत. घनतेवरून संख्या हा अंदाज असतो. त्याच दिवशी पातळ करून ७एच११ या घट्ट माध्यमावर पसरवा, ३ ते ४ आठवड्यांनी वसाहती मोजा आणि खरी मात्रा तीच लिहा.

त्यातला एक भाग ८० अंशांवर १ तास ठेवून मारा. हा मेलेल्या जंतूचा गट.

संसर्ग आणि प्लेटची मांडणी

चार गट, दोन वेळा, प्रत्येकी तीन कव्हरस्लिप, असे २४ वेल बरोबर भरतात. गट असे: धुण्याच्या द्रावासह नुसत्या पेशी, ओलिक आम्ल (२०० मायक्रोमोलर, मेदाम्लविरहित अल्ब्युमिनला बांधलेले), मेलेला बीसीजी, जिवंत बीसीजी. वेळा २४ आणि ७२ तास. तीनपैकी दोन कव्हरस्लिप चरबीच्या रंगाला, एक जंतू मोजायला. दुसरी प्लेट परवडत असेल तर १ मायक्रोमीटरचे लॅटेक्स मणी हा पाचवा गट ठेवा, म्हणजे नुसत्या गिळण्याने किती थेंब येतात ते कळते.

ओलिक आम्ल अल्ब्युमिनशिवाय दिले तर पेशी मरतात. ते रंगवण्याआधी फक्त १६ ते २४ तास ठेवायचे. या गटात लाल थेंब दिसले नाहीत तर रंग किंवा पद्धत चुकली आहे, त्या दिवसाचे बाकीचे आकडे धरू नका.

मात्रा पेशीमागे ५ जंतू, म्हणजे वेलला ५ लाख. ४ तासांनी कोमट माध्यमाने तीनदा धुऊन नवे माध्यम. सगळ्या वेलना एकाच बाटलीतले सीरम. सीरममध्येही चरबी असते आणि लॉटगणिक बदलते. काम करताना नियंत्रणाचे वेल आधी, जिवंत जंतूचे शेवटी.

रंगवणे

पेशी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये किमान १ तास. मिथेनॉल नको. हाताला झील-नील्सनची सवय असलेला माणूस इथे सवयीने मिथेनॉल उचलतो आणि तिथेच चरबी विरघळते.

ऑइल रेड ओ या चरबी लाल करणाऱ्या रंगाचा साठा: ०.५ ग्रॅम रंग १०० मिली आयसोप्रोपॅनॉलमध्ये, रात्रभर. वापरायच्या वेळी साठ्याचे ६ मिली आणि डिस्टिल्ड पाणी ४ मिली, १० मिनिटे थांबून वॉटमन १ नंबरच्या कागदातून गाळा. हा द्राव दोन तासांत संपवा. कोरड्या उन्हाळ्यात आयसोप्रोपॅनॉल भराभर उडते आणि रंगाचे लाल खडे कव्हरस्लिपवर पडतात. नवखा माणूस त्यांनाच थेंब समजून मोजतो. थेंब गोल, चकचकीत आणि पेशीच्या आत असतो. खडा सुईसारखा किंवा कोनदार असतो आणि रिकाम्या काचेवरही सापडतो. रंगवताना प्लेटवर झाकण ठेवा, पंखा बंद करा.

पीबीएसने दोनदा धुणे, ६० टक्के आयसोप्रोपॅनॉल ३० सेकंद, रंग १५ मिनिटे, पुन्हा ६० टक्के आयसोप्रोपॅनॉलची एकच बुडी, मग स्वच्छ पाणी निघेपर्यंत डिस्टिल्ड पाणी. केंद्रक दिसायला हिमॅटॉक्सिलिन १ मिनिट. ते निळे करायला आपल्याकडचे बोअरचे क्षारयुक्त पाणी चांगले चालते, पण रंग पातळ करायला ते कधीच वापरू नका. बसवायला ग्लिसरीन जेली, पेशींची बाजू खाली. डीपीएक्स या नेहमीच्या स्लाइड बसवायच्या द्रावात झायलीन किंवा टोल्युइन असते, त्याने सगळी मेहनत वाया जाते. जेलीतल्या स्लाइडचे फोटो आठवड्याच्या आत काढा, नंतर थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात.

तिसरी कव्हरस्लिप झील-नील्सनला. आम्ल-अल्कोहोलने तिच्यातली चरबी जाणारच, म्हणून दोन्ही रंग एकाच काचेवर उमटवण्याचा खटाटोप करू नका. चरबी आणि जंतू एकाच पेशीत बघायचे असतील तर लाल चमकणारा बीसीजी आणि बॉडिपी ४९३/५०३ हा हिरवा रंग घेऊन फ्लुओरेसन्सकडे जा.

मोजणी

प्रत्येक कव्हरस्लिपवर २०० पेशी, १०० पटीच्या तेलाच्या भिंगाखाली. थेंब नाही, १ ते ५, ६ ते १५, आणि १५ हून जास्त असे चार वर्ग करा. शेवटच्या वर्गाला फेसाळ पेशी म्हणा. वर्गांच्या सीमा पहिल्या दिवशी ठरवा आणि प्रबंध संपेपर्यंत बदलू नका. स्लाइडचे नाव दुसऱ्याने झाकून क्रमांक द्यावा. कोणता गट आहे हे माहीत असताना डोळा जिवंत बीसीजीत जास्त थेंब शोधतो, कितीही प्रामाणिक माणूस असला तरी.

आकड्यात रंग हवा असेल तर कव्हरस्लिपविरहित वेलमध्ये रंगवून २५० मायक्रोलिटर शुद्ध आयसोप्रोपॅनॉलने १० मिनिटे रंग काढा आणि ५१० नॅनोमीटरला वाचा. पेशी नसलेला रंगवलेला वेल वजा करा, कारण प्लास्टिकही रंग धरते. आणि भागाकार पेशींच्या संख्येने करा. ७२ तासांना जिवंत बीसीजीच्या वेलमध्ये पेशी मेलेल्या आणि सुटलेल्या असतात, त्यामुळे नुसता आकडा ‘चरबी कमी झाली’ असे सांगतो, तर उरलेल्या पेशी थेंबांनी भरलेल्या असतात.

एका गायीचे तीन वेल म्हणजे तीन गायी नव्हेत. निकालाचे एकक जनावर आहे. निदान ५-६ जनावरे घ्या आणि प्रत्येकाचा स्वतःच्या नियंत्रणाशी फरक काढा, कारण दोन देवणी गायींच्या मूळ थेंबांतच मोठी तफावत असते.

निकाल वाचताना: जिवंत आणि मेलेला दोन्ही गटांत थेंब सारखेच वाढले तर कारण बहुधा जंतूच्या भिंतीतली मायकोलिक आम्लासारखी चरबी आणि पेशीचा त्यावरचा प्रतिसाद. फक्त जिवंतात वाढले तर जंतूचे चालू काम. मणी, मेलेला, जिवंत, सगळ्यांत वाढले तर गिळण्याचा परिणाम. २४ तासांना वाढून ७२ला कमी झाले तर पेशी चरबी वापरते आहे की जंतू खातो आहे हे थेंबांवरून कळणार नाही. तिथे सीडी३६, पेरिलिपिन २, एबीसीए१ आणि सीपीटी१एच्या जनुकांचे (अनुक्रमे चरबीची आवक, साठवण, जावक आणि ज्वलन दाखवणारी) आरएनए मोजा, गोवंशाचेच प्रायमर वापरून.

सगळे संपल्यावर द्राव १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ३० मिनिटे, टाकाऊ प्लास्टिक १२१ अंशांवर ३० मिनिटे ऑटोक्लेव्ह. पण फॉर्मल्डिहाइड किंवा आयसोप्रोपॅनॉल असलेले द्राव ब्लीचमध्ये ओतू नका, विषारी वायू निघतात. त्यांची रासायनिक कचऱ्याची बाटली वेगळी ठेवा. सेंट्रीफ्यूजच्या बादल्या झाकणाच्याच हव्यात आणि त्या कॅबिनेटमध्येच उघडाव्यात. रोगप्रतिकारशक्ती दबवणारी औषधे घेणाऱ्या सहकाऱ्याने जिवंत बीसीजीचे काम करू नये. त्याच्याकडे मोजणी सोपवा.